वजन वाढलं की तंत्र किती उरतं?

१९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगच्या लढती संपल्यावर एक नवा चषक दिला गेला. व्हॅल बार्कर या ब्रिटिश संघटकाच्या नावाचा हा चषक कुठल्या एका वजनगटासाठी नव्हता. सगळ्या गटांतल्या सगळ्या बॉक्सरांमध्ये ज्याचा खेळ सर्वांत शैलीदार, त्याला तो द्यायचा होता. पहिला मानकरी ठरला अमेरिकेचा लुई लॉरी. हा गडी फ्लायवेट, म्हणजे ५१ किलोंच्या आतला. आणि स्वतःच्या गटात त्याला मिळालं होतं कांस्यपदक. पुढे १९६८मध्ये केनियाच्या फिलिप वारुइंगेला कांस्यावर आणि १९८८मध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनिअरला रौप्यावर हाच चषक मिळाला. १९७२मध्ये तो क्युबाच्या तेओफिलो स्टीव्हनसन या हेवीवेटकडे गेला, तर १९८४मध्ये अमेरिकेच्या पॉल गोन्झालेस या लाइट फ्लायवेटकडे. या दोघांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक.

थोडक्यात, जिंकणं वेगळं, चांगलं खेळणं वेगळं, आणि चांगला खेळ वजनाचा विचार बाजूला ठेवूनही ओळखता येतो, असं या खेळातली जाणती मंडळी फार पूर्वीपासून मानत आली आहेत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये या समजुतीचं नाव आहे 'पाउंड फॉर पाउंड'. हे बिरुद सर्वांत घट्ट चिकटलं ते शुगर रे रॉबिन्सनला. वेल्टरवेट आणि मिडलवेट गटांत राज्य करणाऱ्या रॉबिन्सनची हेवीवेट विजेत्या जो लुईसशी गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण दोघांत सरस कोण, हे बोलल्यावाचून कुणाला राहवत नव्हतं. मग वजनातला फरक मनातल्या मनात पुसून टाकायचा आणि निवाडा करायचा. आज 'द रिंग' मासिकाची यादी हेच काम नियमितपणे करते, आणि ती जाहीर झाली की जगभरचे रसिक हमरीतुमरीवर येतात.

या सगळ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: तंत्र शरीरापासून सुटं काढून तराजूत टाकता येतं. माझ्या मते तिथेच गफलत होते. प्रत्येक वजन बॉक्सरपुढे वेगळा प्रश्न टाकतं आणि तंत्र हे त्या प्रश्नाचं उत्तर असतं. म्हणून दोन गटांतल्या बॉक्सरांची तुलना करायचीच असेल, तर कोणाचे हात किती सुरेख चालतात एवढं पाहून भागत नाही. वजन बदलल्यावर त्यांच्या खेळातलं काय टिकलं आणि काय गळून पडलं, हे तपासावं लागतं. सुदैवाने बॉक्सिंगच्या इतिहासात असे प्रयोग भरपूर झाले आहेत.

असमान पायऱ्या

पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रूढ वजनगट १७. काही संघटनांनी अलीकडे अठराव्याची भर घातली आहे. सर्वांत खालचा मिनिममवेट, कमाल ४७.६ किलोंचा. वरच्या टोकाला क्रूझरवेट, ९०.७ किलोंपर्यंतचा, आणि त्याच्याही वर हेवीवेट, ज्याला मर्यादाच नाही. एकेकाळी मुख्य गट आठच होते. मधल्या पायऱ्या हळूहळू वाढत गेल्या.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. मिनिममवेटवरून लाइट फ्लायवेटला चढताना मर्यादा जेमतेम १.४ किलोंनी वाढते, म्हणजे साधारण ३ टक्के. लाइट हेवीवेटवरून क्रूझरवेटला जाताना ती एकदम ११.३ किलोंनी वाढते, म्हणजे १४ टक्के. जपानच्या नाओया इनोउएने लाइट फ्लायवेट ते सुपर बँटमवेट अशा चार गटांत जगज्जेतेपद मिळवलं. पहिल्या आणि शेवटच्या गटातलं अंतर ४९ किलो ते ५५.३ किलो, म्हणजे सुमारे १३ टक्के. त्याची सगळी चढण वरच्या टोकाच्या त्या एका पायरीत मावते. यामुळे इनोउएचं कर्तृत्व कमी होत नाही. पण 'इतक्या गटांत विजेता' हा आकडा सरसकट तुलनेला उपयोगाचा नाही, एवढं नक्की.

त्यात वजन होतं लढतीच्या आदल्या दिवशी. शरीरातलं पाणी कमी करून काट्यावर उभं राहायचं आणि मग रात्रभर खाऊन-पिऊन भरपाई करायची, हा सर्रास चालणारा प्रकार. त्यामुळे कागदावर एकाच गटाचे दोघे रिंगमध्ये उतरतात तेव्हा त्यांच्यात काही किलोंचा फरक पडलेला असू शकतो.

सव्वापट माणसाचं गणित

वजन वाढल्यावर नेमकं काय बदलतं, हे साध्या भूमितीने कळतं. समजा, ५० किलोंचा एक बॉक्सर आहे. त्याच बांध्याचा, पण उंचीने, रुंदीने आणि जाडीने सव्वापट असा दुसरा घ्या. स्नायूचा जोर त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणून तो सव्वाच्या वर्गाने, सुमारे १.५६ पट वाढेल. वजन मात्र सव्वाच्या घनाने, जवळपास १.९५ पट वाढेल. म्हणजे दुसऱ्याचं वजन ९८ किलोंच्या आसपास. निव्वळ ताकद त्याची जास्त, पण स्वतःच्या शरीराच्या दर किलोमागे त्याच्याकडे पहिल्यापेक्षा वीस टक्के जोर कमी. ठोसा सुरू करणं, तो अर्ध्यावर आवरणं, पाय उचलून दिशा बदलणं, खाली वाकून पुन्हा वर येणं, हे सगळं त्याला महाग पडतं.

ठोशाच्या जोराचं मोजमापही झालेलं आहे. २००५मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वजनगटांतल्या सात ऑलिम्पिक बॉक्सरांनी मोटार-अपघाताच्या चाचण्यांत वापरतात तशा पुतळ्याच्या चेहऱ्यावर सरळ ठोसे मारले. हाताचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर आला, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. सरासरी जोर ३,४२७ न्यूटन. वजनदार गटांत जोर जास्त निघाला आणि त्याचं मुख्य कारण होतं ठोशामागे येणारं वस्तुमान. हेवीवेटच्या ठोशामागे अख्खं धड येतं, ते असं.

मार खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर गणित आणखी विषम होतं. माणूस ५० किलोंचा असो वा १०० किलोंचा, मेंदूच्या आकारात काही दुपटीचा फरक नसतो. हातमोज्यांचंही तसंच. वेल्टरवेटपर्यंत सहसा ८ औंसांचे आणि त्यावर १० औंसांचे मोजे वापरतात. गादी थोडी जाड होते, पण जोर त्याहून कितीतरी वाढलेला असतो. म्हणूनच वरच्या गटांत लढती नॉकआउटने संपण्याचं प्रमाण जास्त. आणि रिंग? तिची बाजू सहसा १६ ते २४ फुटांच्या दरम्यान, मग आत मिनिममवेट असोत की हेवीवेट. दोन लहान चणीच्या बॉक्सरांना ती मैदानासारखी मोकळी असते. सव्वासहा फुटांचे दोघे आत उतरले की दोन पावलांत दोर पाठीला लागतो.

दोन टोकांचं शहाणपण

आता लहान गटांतला खेळ वेगवान, सफाईदार आणि हेवीवेटचा ढिसाळ का वाटतो, ते कळायला लागतं. हलक्या गटात एका चुकीची शिक्षा बहुधा सौम्य असते. त्यामुळे चार-पाच ठोशांच्या माळा गुंफायला, जवळ राहून देवाणघेवाण करायला वाव मिळतो. हेवीवेटमध्ये तिसरा ठोसा मारण्याच्या मोहात हनुवटी उघडी पडली, तर लढत तिथेच संपू शकते. ठोसे कमी पडतात याचा अर्थ तंत्र कमी आहे असा नाही. तिथलं तंत्र बऱ्याच अंशी न मारलेल्या ठोशांमध्ये असतं. लॅरी होम्सच्या लढती पाहाव्यात. डाव्या हाताचा जॅब एवढ्या एका शस्त्रावर त्याने वर्षानुवर्षं हेवीवेट गट ताब्यात ठेवला. जॅबने अंतर मोजायचं, समोरच्याची नजर बांधायची, त्याचा तोल बिघडवायचा, आणि उजवा हात मोजक्या वेळीच सोडायचा. घाटात रिकामी जीप चालवणाऱ्याने भरल्या ट्रकच्या चालकाला 'हळू चालवतोस' म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, तसंच हे.

दुसऱ्या टोकाला मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ. ५१ विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही. १९९०मध्ये टोकियोत हिदेयुकी ओहाशीला हरवून तो मिनिममवेटचा विजेता झाला आणि जवळजवळ सगळी कारकीर्द त्याच गटात काढली. त्याच्या खेळात लहान गटाची चपळाई होती, पण उधळपट्टी नव्हती. दोन्ही हात उंच, कोपर बरगड्यांना धरून, पाय नेहमी खांद्याच्या रुंदीइतके लांब. ठोसा जिथून निघाला तिथेच परत येणार. तंत्राचं पाठ्यपुस्तक काढायचं ठरलं तर चित्रांसाठी त्याला उभं करावं, असा तो बॉक्सर. तरीही मोठ्या गटांइतकी प्रसिद्धी आणि पैसा त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे त्याच ओहाशीच्या योकोहामातल्या जिममधून इनोउए पुढे आला, आणि २०२२मध्ये 'द रिंग'च्या यादीत अव्वल ठरलेला तो पहिला जपानी बॉक्सर. त्याच्याआधी २०१५मध्ये निकाराग्वाच्या रोमान गोन्झालेझने, म्हणजे 'चोकोलातितो'ने, फ्लायवेट असताना पहिला क्रमांक मिळवला होता. लहान गटांकडे नजर वळायला इतका उशीर लागला, यात तंत्राचा दोष नव्हता. टीव्हीवर आणि तिकीटबारीवर ज्याला भाव, त्याचंच तंत्र लोकांच्या डोळ्यांपुढे राहतं.

एक गुरू, दोन देह

वजनाचा परिणाम पाहायचा तर शिकवण एकच आणि शरीरं वेगळी, अशी जोडी सापडली पाहिजे. ती युक्रेनमध्ये सापडते. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये व्हासिल लोमाचेन्कोने ६० किलो गटात आणि ओलेक्सांद्र उसिकने ९१ किलो गटात सुवर्णपदक मिळवलं. दोघांवर लोमाचेन्कोचे वडील अनातोली यांच्या शिकवणुकीची छाप. अनातोलींनी मुलाला लहानपणी काही वर्षं बॉक्सिंगमधून काढून युक्रेनी लोकनृत्य शिकायला घातलं होतं, कारण त्यांचा भर पायांवर. दोघेही डावखुरे, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे.

आता जवळून पाहू. डावखुरा आणि उजवा बॉक्सर समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या अगदी जवळ येतात. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याच्या मागच्या हाताला हनुवटीपर्यंत सरळ वाट मिळते. समोरच्याचा मागचा हात मात्र लांब पडतो. म्हणून अशा लढतीत वितभर जागेसाठी पायांची झटापट चालू असते. लोमाचेन्को ही जागा पटकावतो आणि तिथे थांबत नाही. ठोसा मारून तो त्याच पुढच्या पायावर गिरकी घेतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याआड जाऊन उभा राहतो. प्रतिस्पर्धी वळेपर्यंत आणखी दोन ठोसे पडलेले असतात आणि तो पुन्हा तिसऱ्याच ठिकाणी गेलेला असतो. २०१६-१७मध्ये त्याच्या सलग चार लढती प्रतिस्पर्धी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला असताना थांबल्या. मार तर होताच, पण समोरचा माणूस सापडतच नाही, हा मनस्तापही होता.

१०० किलोंच्या उसिकला असल्या गिरक्या बारा फेऱ्या परवडणाऱ्या नाहीत. त्याने तोच धडा आपल्या वजनाला बेतून घेतला. तो अर्धी पावलं टाकतो. बाहेरची जागा मिळवतो, पण पूर्ण वळसा घालत नाही. पुढच्या उजव्या हाताने सतत हुलकावण्या देतो, छातीवर आणि पोटावर जॅब टाकत राहतो. यातून प्रतिस्पर्ध्याला दर सेकंदाला पाय नव्याने रोवावे लागतात, आणि जड माणसासाठी तेच सर्वांत थकवणारं काम.

मे २०२४मध्ये रियाधला टायसन फ्युरीविरुद्ध याची कसोटी लागली. फ्युरी २०६ सेंटिमीटर उंच आणि वजनाने सुमारे ११९ किलो. उसिक १९१ सेंटिमीटर आणि १०१ किलो. मधल्या फेऱ्यांत फ्युरीने लांब हातांचा फायदा उठवला. उसिक अंतर कापून आत शिरत होता, तेव्हा खालून अपरकट आणि पोटावर ठोसे बसत होते. आठव्या फेरीपासून चित्र पालटलं. फ्युरीचे पाय जड झाले, आणि नवव्या फेरीत उसिकचा डावा हात असा काही लागला की फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आदळत गेला. दोरांनीच त्याला उभं धरलं, म्हणून पंचांनी गणती केली. उसिक विभागलेल्या निकालाने जिंकला, आणि डिसेंबरमधली परतीची लढत एकमताने. लोमाचेन्कोच्या गिरकीचं आणि उसिकच्या अर्ध्या पावलाचं मूळ एकच. हेवीवेटच्या मांडणीत ती गिरकी दिसत नाही म्हणून तंत्र कमी पडलं, असं म्हणणं म्हणजे फक्त वरवरचं पाहणं.

अशीच जोडी अमेरिकेत सापडते. डावा हात कमरेशी, डावा खांदा हनुवटीपुढे, उजवा तळवा गालाजवळ, आणि ठोसा आला की खांदा फिरवून तो घसरवून द्यायचा, हा बचाव फ्लॉइड मेवेदरने ५९ ते ७० किलोंच्या गटांत पराकोटीला नेला. तोच बचाव जेम्स टोनीने मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत नेला. मेवेदर खांदा फिरवून लगेच पाय मागे घेई. पोट सुटलेल्या टोनीला ते जमणारं नव्हतं, म्हणून तो जागेवर उभा राहून कमरेतून डोलायचा आणि जवळूनच उलटा ठोसा हाणायचा. २००३मध्ये त्याने आधी क्रूझरवेटचं जगज्जेतेपद मिळवलं आणि मग हेवीवेटमध्ये इव्हँडर होलीफिल्डला नवव्या फेरीत थांबवलं.

चढणीची किंमत

वर चढणाऱ्यांच्या कहाण्यांत तंत्राची ताकद दिसते, तशी त्याची हद्दही दिसते.

२५ जून १९५२ची रात्र, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. मिडलवेट विजेता रॉबिन्सन लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमसमोर उतरला. रॉबिन्सनचं वजन सुमारे ७१ किलो, मॅक्सिमचं ७८. पाऱ्याने चाळीस अंश गाठलेले. खुद्द पंच रुबी गोल्डस्टीन उष्म्याने बेजार झाले आणि दहाव्या फेरीनंतर त्यांच्या जागी दुसरे पंच आणावे लागले. तिन्ही परीक्षकांच्या कागदावर रॉबिन्सन आघाडीवर होता. पण तेराव्या फेरीत त्याचं अवसान गळालं आणि चौदाव्यासाठी तो उठू शकला नाही. दोनशेच्या घरातल्या लढतींच्या कारकिर्दीत तो वेळेआधी हरला, असं हे एकदाच घडलं. हे सगळं उष्म्यामुळे झालं असं म्हणणं सोपं आहे. पण उष्मा दोघांनाही सारखाच होता. रॉबिन्सन नाचत होता, मारत होता, आणि मिठी पडली की सात किलो जादा वजन अंगावर झेलत होता. मॅक्सिम दम राखून उभा होता. मोठ्या माणसावर मात करणारं तंत्र श्वासाच्या भांडवलावर चालतं, आणि ते भांडवल आधी संपलं.

२००३मध्ये रॉय जोन्सने उलटा निकाल दाखवला. मिडलवेटपासून चढत आलेला जोन्स ८७.५ किलोंवर हेवीवेट विजेत्या जॉन रुईझसमोर उभा राहिला. रुईझ १०२.५ किलोंचा. जोन्स गुणांवर आरामात जिंकला. माजी मिडलवेट विजेत्याने हेवीवेटचा किताब घेण्याची ही १८९७च्या बॉब फिट्झसिमन्सनंतरची पहिलीच वेळ. पण जोन्सचं तंत्र प्रतिक्षिप्त वेगावर उभं होतं. हात खाली सोडलेले, हनुवटी उघडी, ठोसा येताना दिसला की तो तिथे नसायचा. वजन पुन्हा उतरवून तो खालच्या गटात आला आणि मे २००४मध्ये अँटोनियो टार्व्हरच्या एका डाव्या हाताने दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. वय पस्तीस, वेग अगदी थोडा उणावलेला. वेग असेपर्यंत ज्याची गरज भासली नव्हती, तो उंच हातांचा पाया तिथे नव्हताच.

डिसेंबर २०१७मध्ये न्यूयॉर्कला लोमाचेन्को आणि क्युबाचा गिलेर्मो रिगोंडो भिडले. दोघांकडे प्रत्येकी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, आणि अशा दोन बॉक्सरांची व्यावसायिक रिंगमधली ही पहिलीच गाठ. रिगोंडोचा बचाव अभेद्य मानला जाई, पण तो दोन गट चढून आला होता. सहा फेऱ्यांनंतर हाताच्या दुखापतीचं कारण देऊन त्याने माघार घेतली. पुढे लाइटवेटला चढलेल्या लोमाचेन्कोवरच ही वेळ आली. २०१८मध्ये होर्हे लिनारेसने त्याला खाली पाडलं (लढत लोमाचेन्कोनेच जिंकली) आणि २०२०मध्ये तिओफिमो लोपेझने गुणांवर हरवलं. चोकोलातितोचंही तेच. सुपर फ्लायवेटला पोहोचल्यावर २०१७मध्ये थायलंडच्या श्रीसाकेतने त्याला दोनदा हरवलं. जवळ राहून माळा गुंफायच्या, ही त्याची रीत. खालच्या गटांत जे उलटे ठोसे तो झेलून पुढे जात असे, ते इथे झेपेनात. इनोउएलाही २०२४मध्ये लुईस नेरीने आणि २०२५मध्ये रामोन कार्देनासने खाली बसवलं. दोन्ही वेळा तो उठला, अंतर दुरुस्त केलं आणि नॉकआउटने जिंकला.

कधी चढण बॉक्सरच्या मर्जीची नसतेच. मेरी कोमने जगज्जेतेपदं मिळवली ती ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत. २०१२मध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा गट तीनच ठेवले होते, आणि सर्वांत खालचा ५१ किलोंचा. ती नाइलाजाने तिथे खेळली, उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून हरली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्या पदकाचं मोल करताना ही चढण हिशेबात धरायला हवी.

आणि सप्टेंबर २०२५मध्ये लास वेगासला टेरेन्स क्रॉफर्डने या सगळ्या शंकांना आपल्या परीने उत्तर दिलं. लाइटवेटपासून सुरुवात केलेला, ३७ वर्षांचा क्रॉफर्ड दोन गटांची उडी घेऊन सुपर मिडलवेटच्या कॅनेलो आल्व्हारेझसमोर आला आणि एकमताने गुणांवर जिंकला. त्याने काही अचाट केलं नाही. जॅब टाकायचा, एक-दोन ठोसे मारायचे आणि कॅनेलोचा हुक यायच्या आत अंतराबाहेर निघायचं. हेच करत राहिला.

आकड्यांचा आधार किती?

तुलनेसाठी आकडे हवेतच, असं म्हणणाऱ्यांसाठी कॉम्प्यूबॉक्स आहे. या पद्धतीत १९८५पासून ठोसे मोजले जातात, आणि मोजतात माणसंच, रिंगकडे पाहत बटणं दाबून. २०१५च्या गाजलेल्या लढतीत मेवेदरचे ४३५पैकी १४८ ठोसे लागले आणि मॅनी पॅकियाओचे ४२९पैकी ८१. टक्केवारी अनुक्रमे ३४ आणि १९. एकाच लढतीतल्या दोघांबद्दल हा आकडा बरंच काही सांगतो. पण तो उचलून हेवीवेटच्या आकड्याशेजारी ठेवला की अर्थ हरवतो, कारण तिथे किती ठोसे मारायचे हा निर्णयच वेगळ्या भीतीतून घेतलेला असतो. शिवाय हुलकावणी, बाहेर टाकलेलं पाऊल, समोरच्याने भीतीपोटी न मारलेला ठोसा, यांसाठी बटणच नाही.

मग तुलना करायची कशी?

वरचे सगळे दाखले एकत्र मांडले की एक क्रम दिसतो. प्रतिक्षिप्त वेग, मार झेलण्याची ताकद आणि नॉकआउटचा दणका, या तीन गोष्टी वजन वाढताना सर्वांत आधी उणावतात. अंतराचा अंदाज, पायांची जागा, ठोशाची वेळ आणि समोरच्याला चुकीचा निर्णय घ्यायला लावण्याची हातोटी, या चार गोष्टी वजनाबरोबर वर चढतात. रूप बदलतं, पण त्या टिकतात. तेव्हा दोन गटांतल्या बॉक्सरांना एकाच फुटपट्टीने मोजायचं असेल, तर ती फुटपट्टी या चार गोष्टींची असावी.

या फुटपट्टीने पाहिलं तर हेवीवेटला तंत्राच्या यादीत खालच्या पंगतीला बसवण्याची सवय सोडावी लागेल, आणि लहान गटांचं कौतुक करतानाही वेगाला तंत्र समजण्याची चूक टाळावी लागेल. रिकार्डो लोपेझ अपराजित राहिला, पण त्याने जवळजवळ एकाच वजनाचा प्रश्न सोडवला. इनोउएच्या प्रत्येक ठोशामागे नेमकं तंत्र आहे. तरी त्याला प्रत्येक गटात हाताच्या दणक्याचीही साथ राहिली आहे. उसिकला हेवीवेटमध्ये उंचीची, वजनाची, हाताच्या लांबीची, कशाचीच साथ नव्हती. फ्युरीसमोर त्याच्याकडे होत्या त्या फक्त टिकणाऱ्या चार गोष्टी, आणि त्यांच्या जोरावर तो दोनदा जिंकला. म्हणून अलीकडच्या बॉक्सरांत तंत्राचा मान कुणाला, असं विचारलं तर मी उसिकचं नाव पहिलं घेईन, क्रॉफर्डचं लगोलग आणि इनोउएचं त्यानंतर. हा क्रम कुणाला पटणार नाही, आणि ते ठीकच आहे. मात्र वाद घालणाऱ्याने आपल्या बॉक्सरचे नॉकआउट मोजून दाखवू नयेत. अंगचा फायदा हातातून गेल्यावर त्याने कोणाला आणि कसं हरवलं, ते सांगावं.